कात्री मारून वर्ल्ड रेकॉर्ड करणारी चिनी बाई खरंच होती का?

वऱ्हाडी_माय

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहून राह्यली, चुकलं तं सांभाळून घ्या. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, गाव एवढुसं आहे, नाव सांगून कोणाले समजणार नाही. माझी पोरगी नववीत आहे अन् उंच उडी मारते. यंदा तालुक्याले पहिली आली, १.३० मारली, आता जिल्ह्याले जायचं आहे. शाळेचं मैदान म्हणजे अर्धा मुरूम अन् अर्धं गाजरगवत, उडीचा खड्डा आहे पण त्यात रेतीपेक्षा खडे जास्त, म्हणून सर वरून सोयाबीनचं कुटार टाकतात. पट्टी मोडली तेव्हापासून वेळूच लावतात.

आता भानगड अशी का ती कात्री मारते. म्हणजे बाजूनं पळत यायचं, एक तंगडी वरून टाकायची, मग दुसरी, अन् पलीकडं पायावर उभं राहायचं. माझा मोठा आयटीआयले आहे, त्यानं तिले मोबाईलवर दाखवलं का बघ, सारी दुनिया पाठीवर उडी मारते, कात्री म्हणजे आजीच्या जमान्यातली गोष्ट, जिल्ह्याले पोट्ट्या हसतीन तुले. झालं. आमच्या पुढच्या खोलीत कापूस भरून आहे, भाव वाढायची वाट पाहून राह्यलो, तं या दोघांनी दोन खुर्च्यांवर वेळू ठेवला अन् ही बाई पाठमोरी कापसावर! तिचा बाप वावरातून येते तं काय पाहते, कापसाच्या ढिगातून लेकीचे दोन पाय वर. कापूस दबला म्हणून तो ओरडला अन् रातभर पोरगी आंग खाजवत बसली ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं तं ते म्हणे, कात्रीच मारू द्या तिले, कात्री मारून एका चिनी बाईनं वर्ल्ड रेकॉर्ड केला होता, १.७७ चा, गादी ना फादी. नाव विचारलं तं म्हणे फंग का रंग असं काहीतरी. पोरानं मोबाईलवर फंग रंग टाकलं तं पेंटची दुकानं आली.

तं मले एवढंच सांगा, अशी बाई खरंच होती का सर पोरीचं मन राखून राह्यले? होती तं कोण होती, कशी उडायची? अन् पाठीवरची उडी शिकू द्या का नको?

निवृत्त_शिट्टी

ताई, तुमचे सर थापा नाही मारून राहिले. सरांचं नाव मला माहीत नाही पण त्यांना माझा नमस्कार सांगा, आजकाल हे लक्षात ठेवणारा पीटीवाला सापडत नाही.

बाईचं नाव झेंग फेंगरोंग. चिनी लोकांत आडनाव आधी असते, म्हणजे झेंग हे आडनाव, फेंगरोंग हे नाव, म्हणून तुमच्या सरांचं फंग अन् रंग दोन्ही बरोबरच धरा. जन्म १९३७ चा, शांतुंग प्रांतातलं जिनान नावाचं शहर आहे तिथली. त्याच वर्षी जपाननं चीनवर युद्ध लादलं अन् वर्ष संपता संपता जिनान जपान्यांच्या हातात गेलं, म्हणजे पोरगी पाळण्यात अन् गावात परकी फौज, अशातून ती वाढली. पुढं पंधरा सोळा वर्षांची असताना धावणं उड्या पाहून तिला निवडलं अन् पेकिंगला, म्हणजे आताच्या बीजिंगला, सरावासाठी नेलं. तिथं हुआंग जियान नावाचे कोच होते, त्यांच्या हाताखाली ती तयार झाली.

आणि मग १७ नोव्हेंबर १९५७. बीजिंगची स्पर्धा. आपल्याकडे त्या दिवसांत कापूस वेचणी जोरात असते, दुपारी बनियनवर फिरता येते, तिकडं नोव्हेंबर म्हणजे हाडं गोठवणारा गारठा. त्या थंडीत ती १.७७ मीटर गेली. वय वर्षं २०. त्याआधीचा रेकॉर्ड १.७६ होता, अमेरिकेच्या मिल्ड्रेड मॅकडॅनियलनं मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये १९५६ च्या डिसेंबरात केलेला, अन् रुमानियाच्या योलांडा बालाशनं तिची बरोबरी केली होती ती फेंगरोंगच्या उडीच्या महिनाभर आधी. म्हणजे जगात दोघी जणी १.७६ वर अडून बसल्या होत्या अन् ही तिसरीच, जिचं नावही बाहेर कोणी ऐकलं नव्हतं, ती एक सेंटीमीटर वर निघून गेली. कुठल्याही खेळात जागतिक विक्रम करणारी ती पहिली चिनी बाई. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या चेन जिंगकाई नावाच्या वजन उचलणाऱ्यानं शांघायात १३३ किलो उचलून चीनचा पहिला विश्वविक्रम केला होता, पण तो गडी.

आता कात्रीचं. हो, तिनं कात्रीच मारली होती. आणि इथं तुमच्या मुलाला एक गोष्ट नीट सांगा. कात्रीत माणूस पट्टीवरून जवळजवळ बसल्यासारखा जाते. म्हणजे बूड पट्टीच्या वरून न्या लागते, अन् बुडाच्या वर अख्खं धड उभं असते, ते सगळं वजन तेवढं वर उचला लागते. पाठीच्या उडीत, तिला फॉसबरी फ्लॉप म्हणतात, शरीर कमानीसारखं वाकते, आधी डोकं जाते, मग कंबर, मग पाय, एकेक भाग पट्टीवरून वाहून गेल्यासारखा, त्यामुळं शरीराचा तोल जिथं असते तो बिंदू पट्टीच्या खालून गेला तरी माणूस वरून जाऊ शकते. फसवाफसवीच आहे एक प्रकारची, पण कायद्यातली. म्हणून सांगतो, कात्रीनं १.७७ जाणाऱ्या बाईच्या पायात जो दम लागते तो नुसत्या आकड्यावरून समजत नाही.

मग सगळे फ्लॉप काऊन मारत नव्हते? कारण गादी नव्हती! तेव्हा पडायला रेती, फार झालं तर लाकडाचा भुसा. रेतीवर मान टेकवून कोण पडते? फोमच्या गाद्या आल्या साठच्या दशकात, अन् १९६८ ला मेक्सिकोत डिक फॉसबरी नावाच्या अमेरिकन पोरानं पाठीवरून २.२४ मारून सोनं नेलं तेव्हा दुनियेचे डोळे उघडले. म्हणजे उडी बदलली त्याला कारण गादी.

आणि म्हणून ताई, तुमच्या खड्ड्यात, कुटार असो की रेती, पाठीची उडी अजिबात नको. अजिबात म्हणजे अजिबात. मी एका शाळेत होतो, नाव नाही घेत, तिथं माझ्याच डोळ्यासमोर एका पोरानं टीव्हीवर पाहून रेतीत पाठ टाकली, हसळीचं हाड मोडलं. खांद्यावर पडला म्हणून हाडावर भागलं, मानेवर पडला असता तर मी आज इथं गप्पा मारत बसलो नसतो. त्या पोराच्या बापाला निरोप सांगायला मीच गेलो होतो सायकलीनं, ते आठ किलोमीटर अजून आठवतात.

कात्री पक्की करू द्या. धाव सात ते नऊ पावलांची ठेवा, चुन्यानं खूण करा जिथून निघायचं तिथं, दरवेळी तिथूनच. शेवटची तीन पावलं जलद पडली पाहिजेत, पोरी तिथंच हळू होतात, पट्टी दिसली की घाबरतात. उडी बाहेरच्या पायानं, म्हणजे पट्टीपासून लांब असलेल्या पायानं, अन् पट्टीपासून हातभर अंतर ठेवून, फार जवळ गेली की वर जाताना पट्टी घेऊन जाईल. आतला पाय सरळ वर झटकायचा. घरी दोरीवरच्या उड्या, अन् वावरात धुऱ्यावर दोन्ही पायांनी उड्या, तेवढं पुरे. पुढं कधी फोमची गादी असलेलं मैदान मिळालं तर फ्लॉपही कात्रीवरूनच शिकवतात, वाकडी धाव घेऊन आधी कात्रीच मारायला लावतात, त्यामुळं काही वाया जात नाही.

टपरीवरचा_भाऊ

काका माहिती भारी पण थोडा डाऊट आहे. चीनचं काय खरं, घरचीच स्पर्धा घरचाच पंच घरचाच टेप, १.७७ म्हणा नाहीतर २ मीटर म्हणा कोण पाहायला गेलं. आणि मी कुठंतरी वाचलं होतं की चीनच्या उंच उडीवाल्याचा रेकॉर्ड मानलाच नव्हता कोणी. चीन ऑलिम्पिकमध्ये आलाच १९८४ ला ना? मग १९५७ चा रेकॉर्ड कसा काय धरला. म्हणजे सरांनी सांगितलं म्हणून मान हलवायची असं नको ना, पोरगी जिल्ह्याला जाऊन कोणाला सांगेल अन् समोरचा फेकाफेकी म्हणेल.

लोणार_ची_लाट

टपरी भाऊ तुम्ही दोन वेगळी माणसं एकात मिसळली. न मानलेला रेकॉर्ड फेंगरोंगचा नाही, तो नी झिचिन नावाच्या पुरुषाचा. माझा हा आवडीचा विषय आहे, त्यामुळं लांबेल, चहा घेऊन बसा.

नी झिचिन म्हणजे फुजियान प्रांतातल्या छ्वानचौचा, जन्म १९४२. तो स्ट्रॅडल मारायचा, म्हणजे पट्टीवरून पालथं लोळण घेत जायचं, पोट खाली. पुरुषांचा रेकॉर्ड तेव्हा रशियाच्या व्हॅलेरी ब्रुमेलचा होता, २.२८, १९६३ चा. त्याला सात वर्षं कोणी हात लावला नाही. ८ नोव्हेंबर १९७० ला चांगशा शहरात नी २.२९ गेला. पण चीन तेव्हा आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघात नव्हताच, १९५८ ला बाहेर पडला होता. मग उडी खरी, उंची खरी, पण वहीत नोंद नाही. आणि जखमेवर मीठ कसं बघा, जुलै १९७१ ला अमेरिकेच्या पॅट मॅट्सडॉर्फनं उडी मारली, किती, तर २.२९ च! एक सेंटीमीटर जास्त नाही. तो अधिकृत विश्वविक्रम झाला, छापून आला, आजही यादीत त्याचंच नाव आहे. नी ला फक्त माहीत असणाऱ्यांनी लक्षात ठेवलं. आणि हे २.२९ किती मोठं आहे ते सांगायचं तर आपल्या भारताचा पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम, तेजस्विन शंकरचा, २०१८ चा, तोही २.२९ च आहे. म्हणजे आपण त्या आकड्याला पोचलो ४८ वर्षांनी, अन् फोमवर पाठ टाकून.

फेंगरोंगचं प्रकरण वेगळं. तिनं १९५७ ला उडी मारली तेव्हा चीन महासंघात होता. म्हणून तिची १.७७ जागतिक यादीत रीतसर आहे, मॅकडॅनियल अन् बालाश यांच्या १.७६ नंतर अन् बालाशच्याच १.७८ च्या आधी, मधोमध बसलेली. घरचा टेप वगैरे नाही. दुसऱ्याच वर्षी चीन बाहेर पडला, म्हणजे ती शेवटच्या एसटीत चढली असं समजा, ती सुटली असती तर तिचंही नी झिचिन झालं असतं.

आणि चीन ऑलिम्पिकमध्ये १९८४ लाच आला हेही बरोबर नाही. १९३२ ला लॉस एंजेलिसला लिउ चांगचुन नावाचा धावणारा एकटाच गेला होता अख्ख्या देशातून. १९३६ ला बर्लिनला मोठी चमू गेली. मग क्रांतीनंतर १९५२ ला हेलसिंकीला लाल चीनची चमू पोचेपर्यंत स्पर्धा जवळपास आटोपलीच होती, एकटा पोहणारा वू चुआनयू काय तो उतरला. १९५६ ला मेलबर्नला जायची सगळी तयारी होती, पण तैवानला वेगळा संघ म्हणून येऊ दिलं म्हणून चीननं ऐन वेळी माघार घेतली. त्यानंतर मग १९८४ च, उन्हाळी ऑलिम्पिकचं म्हणतोय.

मेलबर्नचा निकाल मात्र एकदा बघाच. सोनं १.७६, अन् रुपेरी किती? १.६७! दोघींना मिळून. बालाश पाचवी आली, तीही १.६७ वरच. आणि वर्षभरात १.७७ जाणारी पोरगी तेव्हा चीनमध्ये बसून. मी काही म्हणत नाही, तुम्हीच वजाबाकी करा.

टपरीवरचा_भाऊ

बरं बाप्पा मानलं. १.६७ वर रुपेरी हे वाचून मात्र वाईट वाटलं.

निवृत्त_शिट्टी

बर्लिनचा विषय निघालाच आहे तर एक आगाऊपणा करतो, राहवत नाही. १९३६ च्या त्याच बर्लिनला आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची चमू गेली होती, कबड्डी अन् आपले देशी व्यायाम दाखवले त्यांनी तिकडं. मी बीपीएड केलं तेव्हा जुने लोक ही गोष्ट अशी सांगायचे जशी काल पाहून आले. विदर्भातली पोरं बर्लिनला जाऊन आली अन् आज तालुक्याला उडीची पट्टी नाही, वेळू लावा लागते. असो. विषयावर या.

पहाटे_पाचला_रोड

मी जास्त लिहित नाही कधी पण हा धागा वाचून राहवलं नाही. मी पण उंच उडीवाली, बुलढाणा जिल्हा, दहावीपर्यंत. १.४२ माझी बेस्ट, विभागाला तिसरी. मग अकरावीला कॉलेज दुसऱ्या गावी, एसटी सहाची, घरी यायला रात्र, आई म्हणाली बस झालं आता. कोणी रागावलं नाही, भांडण नाही, फक्त बस झालं. आता भरतीसाठी रोडवर पळते, म्हणून हे नाव.

मला तुम्ही सगळ्यांनी सांगितलेल्यात एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये, की ती रेकॉर्डवाली किती दिवस होती. १७ नोव्हेंबर ते पुढच्या वर्षीचा ७ जून. सात महिने पण नाही. बालाशनं १.७८ मारली, मग त्याच महिन्यात १.८०, मग ती थांबलीच नाही, १९६१ ला १.९१ पर्यंत नेलं अन् तो रेकॉर्ड दहा वर्षं टिकला, १९६० अन् १९६४ दोन्ही ऑलिम्पिकची सोनं तिचीच. ती पण कात्रीवालीच बरं का, थोडी बदललेली कात्री, आणि उंची १.८५, ताडासारखी. म्हणजे वऱ्हाडी माय तुमच्या मुलाला सांगा, एक नाही दोन बाया कात्रीवाल्या, दहा बारा वर्षं जगातली बायांची उंच उडी कात्रीच्याच हातात होती.

पण बालाशला पुढं मैदान मिळालं ना. रोम मिळालं, टोकियो मिळालं. फेंगरोंगला १९५८ नंतर दारच बंद. १९५६ ला देशानं माघार घेतली तेव्हा ती १९ ची, १९६० ला २३ ची, १९६४ ला २७ ची, उंच उडीवालीचं सगळं वय याच्यात गेलं. लोक तिला देशाची शान वगैरे म्हणतात, म्हणू द्या, पण ज्या बाईनं जगात सगळ्यात उंच उडी मारली ती ऑलिम्पिकच्या मैदानात एकदा पण उतरली नाही याचा मला राग येतो, कोणाचा ते माहीत नाही, नुसता येतो.

नवरा पण उंच उडीवालाच केला तिनं, दुआन चियान, तो चीनचा पुरुषांमधला रेकॉर्डवाला होता. आमच्या घरी असं झालं असतं तर सासूनं दोघांना अंगणात दोरी बांधून दिली असती कपडे वाळत घालायची अन् म्हटलं असतं मारा उड्या 😀

आणि २००८ ला बीजिंगला ऑलिम्पिक झालं, उद्घाटनाला पाच गोलांचा पांढरा झेंडा आठ जण धरून आणतात ना, त्या आठात ती होती, सत्तरीची. तिच्या सोबत पानदुओ होती, तिबेटी बाई, जी १९७५ ला उत्तरेकडून एव्हरेस्ट चढली. मी तो कार्यक्रम टीव्हीवर पाहिला होता लहानपणी, शेजाऱ्यांकडं, लाईट जायच्या आधीपर्यंत. तेव्हा थोडंच माहीत होतं त्या झेंड्याचा कोपरा धरलेली म्हातारी कोण आहे.

खरी गोष्ट तर पुढं आहे. तिची नात. कॅनडात जन्मली, निना शुल्ट्झ नाव, हेप्टॅथलॉन खेळते, म्हणजे दोन दिवसात सात खेळ, त्यात उंच उडी पण येते. २०१८ च्या कॉमनवेल्थला कॅनडाकडून रुपेरी पदक घेतलं. अन् मग तिनं नागरिकत्व बदललं, चीनकडून खेळायला लागली, नाव झेंग निनाली. आडनाव आजीचं. तिनं उघड सांगितलं होतं की आजीला ऑलिम्पिक खेळायला मिळालं नाही म्हणून मला चीनकडून खेळायचंय. टोकियोला ती उतरली. आजीचं १९६४ चं टोकियो हुकलं होतं, नात त्याच टोकियोला गेली, फक्त ५७ वर्षं उशिरा. हे वाचून मी बसून राहिले जराशी.

वऱ्हाडी माय तुम्ही पोरीचं अकरावीचं आत्ताच ठरवून ठेवा एसटीचं टायमिंग बघून. सल्ला म्हणा की काय म्हणा.

लोणार_ची_लाट

पाचला_रोड ताई तुम्ही नातीचं लिहिलंत ते भारी, मी तेच लिहायला आलो होतो. एक जोडतो फक्त. १९७८ ला चीन महासंघात परत आला अन् मग झु जियानहुआ नावाच्या शांघायच्या पोरानं १९८३ अन् १९८४ मध्ये मिळून तीनदा पुरुषांचा विश्वविक्रम केला, २.३७, २.३८, २.३९. हे तिन्ही वहीत आहेत. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला तो २.३१ वर ब्राँझ घेऊन आला, सगळे सोनं धरून चालले होते. चिनी लोक त्याच्यावर जाम चिडले होते. आपल्याकडं पण असंच असते म्हणा, सोनं नाही आणलं तर घरी येऊ नको.

आणि बाईंच्या उडीचा आजचा आकडा पण देतो, पोरीला सांगायला. २.१०, युक्रेनची यारोस्लावा माहुचिख, जुलै २०२४, पॅरिस. त्याआधी बल्गेरियाच्या स्तेफ्का कोस्तादिनोव्हाचा २.०९ होता १९८७ पासून, जवळपास ३७ वर्षं कोणाला हलला नाही. आपल्या भारताचा १.९२, सहाना कुमारी, २०१२.

टपरीवरचा_भाऊ

वऱ्हाडी माय कापसाला काय भाव दिला शेवटी? दबलेल्याला कमी देतात का 😂

वऱ्हाडी_माय

सगळ्यांले नमस्कार. दोन दिवस लिहिता नाही आलं, वेचाले बाया मिळत नव्हत्या म्हणून मीच वावरात होती. भाऊ, कापूस नाही दिला अजून, अन् दबला बिबला काही नाही, तिच्या बापालेच ओरडायची हौस.

काल रात्री सगळं तुमचं लिहिलेलं मी तिले वाचून दाखवलं. म्हणजे दोघांले, मोठाही ऐकत होता पण मोबाईल पाहतो असं दाखवून. शिट्टी सर, तुमचं हसळीचं वाचलं तं तो उठून गेला अन् खुर्च्या पुढच्या खोलीतून उचलून आणल्या, काही बोलला नाही. मी पण नाही बोलली.

पोरीनं तुमचे सगळे आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. मग टेप मागितला. टेप नव्हता, माझ्या ब्लाऊज शिवायच्या टेपनं तिनं दाराच्या चौकटीवर १.७७ मोजलं, तो टेप दीड मीटरचाच, मग दोनदा लावला, अन् हळदीनं खूण केली. फुटात काढलं तं पाच फूट पावणेदहा इंच भरलं जवळपास. मग बापाले उठवून तिथं उभं केलं. तो साडेपाच फूट, खूण त्याच्या डोक्याच्या वर चार बोटं. तो म्हणे हे काय, तं ही म्हणते, बाबा ती बाई तुमच्यावरून गेली असती, टोपीसकट. तो तसाच उभा राहिला हात वर करून खुणेले हात लावत. मग म्हणे, रेतीत?

मी म्हटलं रेतीत नाहीतर भुशात.

आता १.३० ची पण खूण केली आहे खाली, कुंकवानं. दोन्हीच्या मधात चौकटीवर जी जागा दिसते ती पाहून पोरगी जराशी गप होती, पण सकाळी उठून धुऱ्यावर गेली उड्या माराले, दोन्ही पायांनी, सांगितलं तसं.

पाचला रोड बाई, तुमचं अकरावीचं वाचलं. एसटी आमच्याकडं पण सहाचीच आहे. मी तिच्या बापाशी बोलली आहे, तो हो नाही म्हणाला पण नाही पण नाही म्हणाला.

शिट्टी सर, एक राहिलंच. तिचा बाप विचारते, तालुक्याच्या आरा मशीनवर लाकडाचा भुसा मिळते, शाळेच्या खड्ड्यात टाकाले किती पोते लागतीन? कुटार उडते म्हणे वाऱ्यानं. अन् सागाचा चालते का निंबाचाच पाहिजे, सागाच्यानं खाज सुटते असं तो म्हणते.

निवृत्त_शिट्टी

सागाचा नको, बरोबर म्हणतात ते. निंबाचा किंवा आंब्याचा मिळाला तर बघा. आधी खड्डा गुडघाभर खणून सगळे खडे काढून घ्या, मग खाली रेती, वर भुसा. खड्डा केवढा आहे ते लांबी रुंदी मोजून सांगा, मग पोत्यांचा हिशोब करून देतो. अन् वरून ताडपत्री पाहिजे, एक पाऊस आला की भुशाचा चिखल होते. जिल्ह्याची तारीख कधीची आहे?